बायको महिनाभर विसरलेली धरावी

२ फेब्रुवारी, सकाळ
बायको लवकर निघाली. पाठीवर चेलो, हातात मोठी बॅग. दारात थांबून म्हणाली, ‘‘मी जातेय. परत येणार नाही.’’
मी दाढी करत होतो. येताना ब्लेडचं पाकीट आण म्हटलं. तिने तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. मीही पाकीट पुन्हा सांगितलं.
वाद्य वाजवणाऱ्या माणसांना नीट बोलायची सवय नसते. जेवायला परत येणार नाही, असं तिला म्हणायचं असणार. ती चार वादकांच्या चौकडीत वाजवते, तिथली प्रॅक्टिस लांबली की बाहेरच खाते.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
आली नाही. चांगलंच आहे. निवांतपणा मिळालाय, तो सत्कारणी लावायचा. बरेच दिवस व्यक्तिमत्त्व सुधारायचं मनात आहे. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, कुठेच माझ्या शब्दाला म्हणावं तसं वजन नाही. उद्यापासून:
पहाटे उठणे. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणे. कमी बोलणे. उगाच हसायचं नाही.

३ फेब्रुवारी
पहाटे उठलो नाही. बाकी सर्व जमलं, कारण घरात कुणी नव्हतं.

५ फेब्रुवारी
अजून आलेली नाही. दुसरा एखादा नवरा असता तर एव्हाना पोलिसांत जाऊन छाती बडवत बसला असता. मी बस डेपोच्या हरवले-सापडले विभागात हेडक्लार्क आहे. उभी हयात या कामात गेली. आमचा नियम साधा आहे. कुठलीही वस्तू पहिला महिनाभर ‘विसरलेली’ धरायची. महिना उलटला की मगच ‘हरवलेली’. लोक पहिल्याच दिवशी टाहो फोडतात आणि छत्री त्यांच्याच पलंगाखाली निघते.
सबब बायको सध्या विसरलेली आहे. घाबरायचं कारण नाही.
सरावाच्या खोलीतले टॉवेल चालू ठेवले आहेत. चेलोला कोरडी हवा सोसत नाही, लाकूड तडकतं. म्हणून ओले टॉवेल टांगायचे, पडदे ओढायचे, दार घट्ट लावायचं. लग्न झाल्यापासून हे काम माझं. चेलो सध्या खोलीत नाही हे मान्य. पण ती परत आल्यावर खोली कोरडी मिळाली तर तोंड फुगवेल.

९ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. मिसेस दिसत नाहीत म्हणाल्या. माहेरी गेलीय म्हटलं. कोपऱ्यावरच्या वाण्याने विचारलं, त्याला सांगितलं, परगावी कार्यक्रम आहेत. ऑफिसात साहेबांना सांगितलं, ती तापाने फणफणलीय, मला लवकर सोडा.
वरवर पाहता या तीन गोष्टींचा मेळ बसत नाही. पण हे तिघं कशाला एकत्र येताहेत?
नंतर आठवलं, बायकोला माहेर उरलेलं नाही. सासरे गेले तेव्हा काकूच डबा घेऊन आल्या होत्या. पण काकूंचं वय झालंय, त्यांच्या लक्षात नसणार.

१३ फेब्रुवारी
चौकडीतले उरलेले तिघं घरी आले. पहिला व्हायोलिनवाला त्यांचा म्होरक्या. आयुष्यभर हनुवटीखाली व्हायोलिन धरून त्याची मान कायमची कलली आहे. मी त्याला वाकडमान म्हणतो, अर्थात मनातल्या मनात. बायको प्रॅक्टिसला फिरकलेली नाही, फोन उचलत नाही, घरी आहे का, असं तो विचारत होता.
कमी बोलण्याचं व्रत असल्यामुळे एवढंच म्हणालो, आंघोळ करतेय. वाटलं होतं जातील. ते बसले. मी चहा केला. चहा पिऊन झाला तरी बसले. मग मी बाथरूमच्या दाराशी जाऊन ‘आटप गं’ म्हणून आलो. दार उघडं होतं आणि आतली बादली त्यांना दिसत होती. त्या बाजूला एवढं लक्ष कोण देतं?
व्हायोलावाल्या बाईंनी दिलं. त्यांच्या हातातली बशी वाजायला लागली.
तिघं एकमेकांकडे न बघता उठले. दोषी माणसं अशीच उठतात. मला आता वाकडमानचाच संशय येतोय. बायकोचा चेलो त्याच्या व्हायोलिनपेक्षा मोठा आहे आणि टाळ्याही तिलाच जास्त पडतात. त्याच्यावर नजर ठेवायची.

१७ फेब्रुवारी
नजर ठेवायला वेळ मिळाला नाही. पण व्यक्तिमत्त्वाचा गुण आला! नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.
वाण्याने आज रांगेतून मला पुढे घेतलं. रांगेतल्या लोकांची काही तक्रार नव्हती, उलट चांगले दोन हात मागे सरकले. वरच्या मजल्यावरचा ड्रिल मशीनवाला वर्षभरापूर्वी माझं स्टूल घेऊन गेला होता, त्याने ते पुसून, पॉलिश करून दारात आणून ठेवलं आणि बेल वाजवून पळून गेला. काकू जिन्यात दिसल्या की भिंतीला चिकटून उभ्या राहतात. मी डोळ्यांत डोळे घालून ‘काय काकू’ म्हटलं, तर त्यांना घाम फुटला.
इतकी वर्षं मी उगाच हसत राहिलो.

२० फेब्रुवारी
बायको गेली ती चेलो मऊ कापडी पिशवीत घालून. त्याची कडक केस, म्हणजे पेटी, घरीच आहे. घरात कुणी नसताना एवढी महागाची वस्तू ठेवणं मला बरं वाटेना. चोऱ्या वाढल्यात. जगातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आमच्या विभागाची मागची खोली, तिथे स्वतः मालकसुद्धा वस्तू शोधू शकत नाही. म्हणून केसमध्ये बायकोच्या साड्या, ड्रेस, चपला भरल्या (कपाटही रिकामं झालं) आणि केस जिन्यावरून खाली आणली.
प्रत्येक पायरीला दण्ण आवाज होत होता. मजल्यामजल्यावर दारं किलकिली झाली, पण मदतीला कुणी आलं नाही. माणुसकी राहिली नाही. वॉचमनला हात लाव म्हटलं तर म्हणाला कंबर दुखते, पण डोळे मात्र केसवरून हलेनात. त्याला कौतुक वाटतंय असं समजून मी माहिती दिली. म्हटलं, पूर्ण माणूस मावतो हिच्यात. बाईसाहेबांनी स्वतः आत झोपून दाखवलं होतं एकदा.
वॉचमनचं जेवण झालं नव्हतं वाटतं. एकदम खालीच बसला.
रिक्षातून ऑफिसात नेली. नियमाप्रमाणे चिठ्ठी बांधली: ‘वस्तू – पेटी, मोठी. मालक – येईल.’ वरच्या फळीवर ठेवली.

२३ फेब्रुवारी
बिल्डिंगची मीटिंग. मी गेली कित्येक वर्षं मांडत असलेला दुपारी धुणं न आपटण्याचा ठराव आज एकमताने मंजूर! माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर गेले होते. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं करू, फक्त शांत राहा. मी शांतच होतो.
बायकोला हे सांगायला हवं होतं. तिला कायम वाटायचं की माझं कुणी ऐकत नाही. म्हणजे ती तसं बोलायची नाही. मी बोलायला लागलो की चेलो जुळवायला घ्यायची.

२६ फेब्रुवारी
इन्स्पेक्टर घरी आले. शांत गृहस्थ आहेत, जाड भिंगाचा चष्मा. चौकडीने तक्रार नोंदवली म्हणाले. तपासात माझा सल्ला हवा असणार, म्हणून मी पूर्ण सहकार्य केलं.
सरावाची खोली दाखवली. त्यांनी विचारलं, इथे पडदे का ओढलेत, जमीन दमट का आहे, हे टॉवेल कशाला धुतलेत. मी म्हटलं, लाकूड तडकू नये म्हणून. ते म्हणाले, कुठलं लाकूड? मी खोलीभर पाहिलं. खोलीत खुर्ची होती, तीही प्लास्टिकची.
जमिनीवरची पांढरी पूड त्यांनी बोटाने उचलून हुंगली. सांगितलं, राळ आहे, चेलोच्या गजाला घासतात. कोपऱ्यात लांब पांढरे केस सापडले. सांगितलं, गजाचेच आहेत, घोड्याचे. ड्रॉवरमध्ये पिवळट गुंडाळी निघाली. चांगल्या तारा अजूनही आतड्याच्या करतात आणि बायकोला स्टीलची तार खपत नाही, हे मी मुद्दाम समजावलं. बरोबरचा हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. सामान्य माणसाला संगीतातलं काही माहीत नसतं हेच खरं.
निघताना इन्स्पेक्टरनी विचारलं, जाताना काही बोलल्या का?
मी म्हटलं, ब्लेडच्या पाकिटाविषयी बोलणं झालं.
बाकीचं सांगायचं राहून गेलं. तसं त्यात विशेष काही नव्हतं.

१ मार्च
दाढीला न्हाव्याकडे गेलो (घरात ब्लेड नाही). त्याने वस्तरा मध्येच खाली ठेवला. म्हटलं, बरं नाही का. तर तो रडायलाच लागला. म्हणाला, माझी लहान मुलं आहेत, मी कुणाला काही बोललेलो नाही. खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. मी बायकोचा काटा काढला आणि पेटीत घालून दिवसाढवळ्या रिक्षाने नेली, असं सगळे म्हणतात. माहेर, ताप, परगावचे कार्यक्रम, सगळ्याचा काकू, साहेब आणि वाणी यांनी आपापसांत मेळ घातलाय.
म्हणजे ते तिघं एकत्र आले तर.
तसाच उठून घरी आलो. अर्धी दाढी राहिली. दुपारभर पलंगावर बसून होतो. मी! ज्याने आयुष्यात लोकांच्या छत्र्या सांभाळल्या! झुरळ मारायलाही बायकोलाच हाक मारायचो.
संध्याकाळी आरशात पाहिलं. समोरून मुळीच तसा वाटत नाही. डावीकडून, अर्ध्या दाढीत, थोडा वाटतो.

२ मार्च
महिना पुरा झाला. नियमाप्रमाणे आज पोलीस ठाण्यात जाऊन बायको हरवल्याचं कळवलं.
इन्स्पेक्टरनी विचारलं, आज? मी विसरलेली आणि हरवलेली यांतला फरक सांगितला. त्यांनी आतल्या दोघांना बोलावून मला तो पुन्हा सांगायला लावला. गाव सोडून जाऊ नका म्हणाले. मग चष्मा पुसत परत तोच प्रश्न: जाताना नेमकं काय म्हणाल्या? नीट आठवा. तुमच्याच फायद्याचं आहे.
मला आठवतंय. ते एक वाक्य सांगितलं की मी सुटतो, हेही कळतंय. पण ती घाईत होती. घाईतली वाक्यं पोलिसांत लिहून द्यायची नसतात. एकदा कागदावर आलं की बसलं.
म्हटलं, आठवत नाही.

४ मार्च
थंड डोक्याने विचार केला. खुनी समजतात म्हणजे काय, तर मान देतात. ठराव, स्टूल, रांग, सगळं त्याचंच होतं हे उघड आहे. शिवाय ज्याने बायकोला मारलं असं लोकांना वाटतं, त्याला बायको सोडून गेली असं कुणाला वाटत नाही. दोन्ही एकदम होऊ शकत नाही. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.
संकल्प: संशय आपणहून वाढवायचा नाही. पण तोडायचाही नाही.

५ मार्च
हार्डवेअरच्या दुकानातून करवत आणली. शेल्फ करायचं डोक्यात होतं. दुकानदाराने कशासाठी विचारलं, मी थोडा वेळ थांबून ‘घरगुती काम’ म्हणालो. त्याने पैसेच घेतले नाहीत.
जुना काळा कोट ट्रंकेतून काढला. उकडतं, पण शोभतो.

७ मार्च
ऑफिसात पोलीस. मागच्या खोलीतली केस खाली उतरवली. सगळा स्टाफ, दोन ड्रायव्हर, कँटीनवाला, झाडून सगळे गोळा झाले. मी कोटाची कॉलर वर करून उभा राहिलो. केस उघडताना साहेबांनी डोळे मिटले.
साड्या निघाल्या. ड्रेस निघाले. चपला.
हळहळल्यासारखा आवाज झाला. काही जण निराश होऊन कामाला लागले. इन्स्पेक्टर मात्र वाकून एकेक कपडा बघत राहिले. मग विचारलं, यात गरम कपडे नाहीत, त्यांचे स्वेटर कुठेत?
मी म्हटलं, असतील कपाटात. ते म्हणाले, कपाट आम्ही पाहिलं, रिकामं आहे.
पुढे उन्हाळा. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळे स्वेटर कोण घेऊन जातं? ज्याला पुढची थंडीही तिकडेच काढायचीय तो. हे त्यांच्या आणि माझ्या डोक्यात एकदमच आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर बदललेली होती. मला ती आवडली नाही.
आमच्या विभागातल्या चिठ्ठ्या बांधणाऱ्या बाई जाताना हळूच म्हणाल्या, साहेब, काही लोक वस्तू विसरत नाहीत हो, ठेवून जातात. मी त्यांना जागेवर जायला सांगितलं.

८ मार्च
काकू आज जिन्यात भिंतीला चिकटल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या. करवत हातात घेऊन दोनदा खालीवर केलं, पण काकू मुलाशी फोनवर बोलण्यात गुंग होत्या.

११ मार्च
इन्स्पेक्टरनी ठाण्यावर बोलावलं. समोर बसवलं, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच कळलं की काही खरं नाही.
बायको सापडली. लांबच्या एका थंड हवेच्या गावी मुलींच्या शाळेत संगीत शिकवते. वर्ग बाहेरून ऐकू येत होता म्हणाले, छान वाजवतात तुमच्या मिसेस. ती नोकरी तिने दिवाणखान्यात माझ्यासमोर बसून फोनवर पक्की केली होती म्हणे. मी त्या वेळी बोलत असणार.
मग पुढे वाकून त्यांनी विचारलं, ‘‘त्या म्हणतात, जाताना तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. दोनदा.’’
‘‘हो.’’
‘‘मग आम्हाला का नाही सांगितलंत? अहो, आम्ही तुम्हाला आत टाकणार होतो.’’
मी म्हणालो, ‘‘तुम्हाला सांगितलं असतं तर ती गेली असती.’’
त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बशीतला चहा गार झाला.
काही निरोप दिलाय का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही. मग जरा विचार करून म्हणाले, तब्येत कशी आहे विचारत होत्या. बहुतेक हे त्यांनी पदरचं सांगितलं. चांगला माणूस आहे.
उठताना मी एक विनंती केली. म्हटलं, ही बातमी लगेच बिल्डिंगमध्ये जायला नको. संशय आणखी थोडे दिवस ठेवता आला तर बघा. आणि एकदा येऊन जा. युनिफॉर्ममध्ये, जीप घेऊन, लोक गॅलरीत असतात अशा वेळी. वर काही बोलायची गरज नाही. नुसतं दंडाला धरून खाली आणा आणि परत सोडा.
बघतो म्हणाले.

१२ मार्च
जीप आली नाही. कोट घालून गॅलरीत बसलो.

१३ मार्च
नाही. कोट.

१५ मार्च
इन्स्पेक्टर आले. स्कूटरवर, चौकड्यांचा बुशशर्ट घालून. आधी मला ओळखूच आले नाहीत. सुट्टी होती म्हणाले, म्हटलं जाता जाता डोकवावं. येताना केळी आणली होती. घरभर फिरले, वेळेवर जेवता का विचारलं. झोपेचं विचारलं. सरावाच्या खोलीचे पडदे त्यांनी स्वतः सरकवले आणि टॉवेल काढून माझ्या हातात दिले. मी घडी घातली.
मी त्यांना जिन्यातून पोचवायला निघालो. रविवार असल्यामुळे सगळे दारात होते. काकू, ड्रिल मशीनवाला, अध्यक्ष. खाली वॉचमन. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. मी कानाशी जाऊन म्हटलं, आता धरा.
त्यांनी दंड धरला नाही. सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला. दोनदा थोपटलं. मग काकूंना म्हणाले, ‘‘लक्ष असू द्या जरा यांच्याकडे.’’
संपलं. खुन्याच्या पाठीवर असा हात कुणी ठेवत नाही. काकूंच्या तोंडून ‘बिचारा’ निघालं ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.
दुपारी काकू ताट झाकून घेऊन वर आल्या. सरळ आत शिरल्या, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि गार व्हायच्या आत जेवून घ्या म्हणाल्या. मी कोट काढून ठेवला. पहिला घास घेतला आणि रडू कोसळलं. आवरेचना. काकू बसून राहिल्या. मग म्हणाल्या, भाजी तिखट झाली का हो?
हो म्हटलं. फार तिखट झालीय. उद्या आणाल तेव्हा जरा बेताने घाला म्हणून सांगितलं.